न्यूझीलंडमध्ये महिनाभर कॅम्परव्हॅन: निघण्याआधीचा हिशोब

आधी कागदावर दोन आकडे लिहा: एकूण किलोमीटर आणि एकूण रात्री. कॅम्परव्हॅनच्या (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या) रोजच्या भाड्यापेक्षा या दोन आकड्यांवर खर्च जास्त हलतो आणि दोन्ही घरबसल्या ठरवता येतात. ऑकलंड ते वेलिंग्टन साधारण ६५० किमी, पिक्टन ते क्राइस्टचर्च ३३५, तिथून क्वीन्सटाउन ४८०. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड एका बाजूने २९० किमी, आणि आल्या रस्त्यानेच परतावे लागते. म्हणून मुक्काम वाटेतल्या ‘ते अनाऊ’ गावी ठेवा. वाकडी वाट, किराणा आणि चुकलेली वळणे यांसाठी नकाशावरच्या अंतरात पंचवीस टक्के मिळवा. महिन्यात साडेतीन हजार किमी सहज होतात.

आता डिझेल. तिथे पेट्रोलवरचा रस्ताकर पंपावरच्या दरात असतो, डिझेलवरचा नसतो. तो किलोमीटरमागे वेगळा भरावा लागतो आणि भाड्याच्या गाडीवर कंपनी तो शेवटी लावते. शंभर किमीला आठ-नऊ डॉलर धरले तर साडेतीन हजार किमीचे तीनशेच्या आसपास होतात (इथले सगळे डॉलर न्यूझीलंडचे). मोठी व्हॅन शंभर किमीला बारा लिटर खाते, म्हणजे ४२० लिटर. दर दोन डॉलर धरला तर ८४०. डिझेल स्वस्त दिसते म्हणून फसू नका, दोन्ही रकमा मिळवूनच पेट्रोलच्या गाडीशी तुलना करा. पंपांचे दर ‘गॅस्पी’ ॲपवर दिसतात. पश्चिम किनाऱ्यावर आणि ते अनाऊच्या पुढे पंप विरळ आणि महाग, तेव्हा आधीच्या मोठ्या गावात टाकी भरा.

तारखा ठरवताना डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथला गर्दीचा उन्हाळा, टाळता आला तर टाळा. मार्च-एप्रिलमध्ये हवा चांगली असते आणि भाडे बरेच उतरते. बहुतेक प्रवासी ऑकलंडहून दक्षिणेकडे जातात, त्यामुळे रिकाम्या गाड्या उत्तरेला परत आणाव्या लागतात. क्राइस्टचर्च ते ऑकलंड अशी उलटी दिशा घेतली तर वन-वे शुल्क (गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे) कमी पडू शकते, विचारून घ्या. उत्तर आणि दक्षिण बेटांमधली कुक सामुद्रधुनी गाडीसकट फेरी बोटीने ओलांडावी लागते, आणि तिचे तिकीट गाडीच्या लांबीवर असते. सायकल स्टँडसकट खरी लांबी आणि उंची कळवा, नाहीतर बंदरावर फरक भरावा लागतो. गाडीचे बुकिंग झाले की लगेच फेरीचे करा.

सगळ्यात मोठा फटका बसतो तो अनामत रकमेत, म्हणून करार सावकाश वाचा. मूळ विम्यात तुमच्या अंगावर येणारा वाटा कित्येक हजार डॉलरचा असतो, आणि तेवढी रक्कम चालकाच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर अडकते. ती नुसती अडवून ठेवणार की प्रत्यक्ष वळती करणार, हे लेखी विचारा. वळती केली तर परत येताना विनिमय दर वेगळा असतो आणि काही नुकसान न होताही पैसे जातात. जादा विमा घेतला तरी छत, गाडीचा तळ, चुकीचे इंधन आणि वाऱ्याने उलटे फाटलेले दार यांचे नुकसान बऱ्याचदा बाहेरच राहते. व्हॅनच्या पाण्याच्या टाकीत डिझेल भरण्याची चूक खरोखर होते. दोन्ही झाकणे पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर बहुतेक करारांत विमा लागू नसतो.

भारतीय कार्डावर परकीय चलनाचे शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी लागतो, तेव्हा हे शुल्क नसलेले कार्ड निघण्याच्या दोन महिने आधी मागवा. दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ विचारले तर कायम डॉलर निवडा. व्हिसाच्या खर्चात १०० डॉलरचा पर्यटक कर धरा. अपघाती इजेच्या उपचाराचा बराच खर्च तिथली एसीसी योजना पाहुण्यांसाठीही उचलते, पण आजारपणाचा नाही. प्रवास विमा हवाच.

रात्रींची वाटणी अशी करा: तीनातली एक रात्र वीजजोडणी असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये (दोघांना साधारण ५० ते ७० डॉलर), बाकीच्या डीओसीच्या (सरकारी निसर्गसंवर्धन खात्याच्या) साध्या तळांवर किंवा परवानगी असलेल्या मोफत जागी. पार्कच्या रात्री बॅटरी चार्ज, कपडे, आंघोळ, सगळे उरकून घ्या. मोफत जागांसाठी गाडीवर ‘सेल्फ-कंटेन्ड’चे (पाणी, टॉयलेट, सांडपाणी यांची सोय गाडीतच असल्याचे) प्रमाणपत्र लागते आणि २०२३च्या कायद्यानुसार टॉयलेट पक्के बसवलेले हवे. नियम मोडला तर दंड ४०० डॉलर किंवा जास्त, म्हणजे पार्कमधल्या सहा-सात रात्री.

शिधा तिथेच घ्या: ‘पॅक अँड सेव्ह’मध्ये तांदूळ, दूध, भाज्या; डाळी-मसाले ऑकलंडच्या सँडरिंगहॅममधल्या भारतीय दुकानांत. दक्षिणेकडून सुरुवात असेल तर पाकीटबंद मसाले इथून न्या. मध, ताजा कढीपत्ता, फळे, बिया बॅगेत नकोत. बाकी जे खाण्याचे असेल ते आणि चिखल लागलेले बूटही फॉर्मवर जाहीर करा. लपलेल्या एका फळाला जागेवर ४०० डॉलर दंड आहे.

टोल रस्त्यावर रोख घेत नाहीत. पाच दिवसांत ऑनलाइन भरा, नाहीतर गाडीवाली कंपनी स्वतःचे शुल्क लावून वसूल करते. गाडी परत देताना टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) आणि सांडपाणी गावातल्या डम्प स्टेशनवर रिकामे करा, टाकी भरा आणि किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा व चारही बाजू यांचे फोटो काढा. अडकलेली रक्कम सुटेपर्यंत ते फोनमधून पुसू नका.