एअरबॅग सदोष असेल तर: रिकॉल कसा तपासावा आणि भरपाई कशी मागावी

एअरबॅगचा दोष दोन प्रकारांनी जिवावर बेततो. पहिल्या प्रकारात एअरबॅग उघडताना तिच्यामागचा इन्फ्लेटर, म्हणजे वायू तयार करणारी धातूची डबी, फुटते आणि तिचे तुकडे समोर बसलेल्याच्या गळ्यात आणि छातीत घुसतात. जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरांत हेच घडले. त्यांत वापरलेले अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडत असे आणि मग गरजेपेक्षा फार जास्त जोराने पेटत असे. जगभरात असे दहा कोटींहून अधिक इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतात होंडा, टोयोटा आणि निसान यांच्या काही मॉडेलांसाठीही रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे) निघाले होते. मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा लक्षात घेता तिथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी ही तपासणी आजच करावी. दुसऱ्या प्रकारात जोराची धडक बसूनही एअरबॅग उघडतच नाही.

तपासणीसाठी आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) सतरा अक्षरी चासी नंबर लागतो. कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉलच्या पानावर तो टाकला की आपली गाडी यादीत आहे की नाही हे कळते. तसे पान सापडले नाही, तर अधिकृत वर्कशॉपमध्ये तोच नंबर देऊन लेखी उत्तर मागावे. जुनी गाडी घेतलेल्यांनी तर पत्राची वाट पाहूच नये, कारण कंपनीचे पत्र बहुधा पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते. रिकॉल मात्र गाडीचा असतो, त्यामुळे मालक बदलला तरी सुटा भाग मोफतच बदलून मिळायला हवा. काम झाल्यावर वर्कशॉपच्या जॉब कार्डवर, म्हणजे केलेल्या कामाच्या कागदावर, रिकॉलची नोंद करून घ्यावी. भाग उपलब्ध नसेल, तर तसे लेखी घ्यावे आणि तोवर त्या सीटवर कोणालाही बसवू नये. दोष चालकाच्या बाजूचा असेल, तर गाडी चालवूच नये.

कंपनीने स्वतःहून रिकॉल काढला नाही, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ उपयोगी पडते. प्रवाशांना धोकादायक असा दोष असल्यास केंद्र सरकार त्यानुसार रिकॉलचा आदेश देऊ शकते. त्यासाठी मालकांच्या तक्रारींची संख्या पाहिली जाते, म्हणून रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर आपली तक्रार नोंदवणे महत्त्वाचे आहे.

अपघात झाल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे असतात आणि नेमके तेव्हाच लोक पुरावा हातचा घालवतात. जखमी माणूस रुग्णालयात असतो, घरचे धावपळीत असतात आणि तेवढ्यात गाडी दुरुस्तीला लागते किंवा टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडची) ठरून विमा कंपनीकडून सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगाराच्या भावात, विकली जाते. गाडी गेली की एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये असू शकणारी धडकेची नोंदही जाते. म्हणून विमा कंपनी, डीलर आणि उत्पादक या तिघांनाही ताबडतोब लेखी कळवावे की तपासणी होईपर्यंत गाडीचा कोणताही भाग काढू अथवा बदलू नये. पुढचा भाग किती आत गेला, स्टिअरिंग आणि सीटबेल्टची स्थिती काय आहे, याची छायाचित्रे काढावीत. पोलिसांचा पंचनामा, आरटीओचा तपासणी अहवाल, विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा (नुकसान तपासणाऱ्याचा) अहवाल आणि उपचारांची सर्व बिले जपून ठेवावीत. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिकाही लागते, कारण एअरबॅग कोणत्या धडकेत उघडते आणि कोणत्या धडकेत नाही हे तिच्यात दिलेले असते. मागून किंवा तिरकी धडक बसल्यावर पुढची एअरबॅग न उघडणे हा दरवेळी दोष नसतो, हे आधी प्रामाणिकपणे तपासून घ्यावे.

भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार उत्पादनात किंवा रचनेत दोष असल्यास उत्पादक जबाबदार ठरतो. शारीरिक इजा आणि मनस्ताप यांची भरपाई आणि गाडी बदलून किंवा तिची किंमत परत मिळणे या दोन मागण्या तक्रारीत स्वतंत्रपणे लिहाव्यात. उत्पादक आणि डीलर दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. प्रयोगशाळेतील तपासणीचा अर्जही सोबत द्यावा.

सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल अशा तक्रारदारांना मोठा आधार आहे. दिल्लीतील एका ग्राहकाच्या ह्युंदाई क्रेटाला २०१७ मध्ये अपघात झाला तेव्हा एअरबॅग उघडल्या नाहीत. वेग आणि बल यांचे गणित मांडण्याइतका ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तीन लाख रुपये व गाडी बदलून देण्याचा राज्य आयोगाचा आदेश कायम ठेवला.

गाडीसाठी मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही करता येते. ती ऑनलाइन दाखल होते आणि वकील देणे बंधनकारक नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणाराही ग्राहकच मानला जातो. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्याने ती वाढत नाही. त्यामुळे कंपनीला लिहिलेल्या पत्राला महिनाभरात समाधानकारक उत्तर आले नाही, तर तक्रार लिहायला घ्यावी.