भूकंपलहरी आणि पृथ्वीचं अंतरंग: अभ्यास करताना या चुका टाळा

भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा. ही नावं आणि त्यांच्या खोल्या शाळेत पाठ होतात, स्पर्धा परीक्षेच्या वेळी पुन्हा घोकल्या जातात. पण ‘हे कळलं कसं?’ असं विचारलं की चांगली तयारी असलेलेही अडखळतात. माणसाने खणलेलं सर्वांत खोल छिद्र, सोव्हिएत काळातलं कोला द्वीपकल्पावरचं, १२,२६२ मीटरवर थांबलं. पृथ्वीची त्रिज्या आहे ६,३७१ किलोमीटर. खालच्या रचनेबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक भूकंपलहरींच्या नोंदींवरून काढलेलं आहे. म्हणून कोणत्या लहरीने नेमकं काय दाखवलं, हे पाठांतराच्या आधी समजून घ्यायला हवं. तिथेच सगळ्यात जास्त गफलती होतात.

‘घनता वाढते म्हणून लहरींचा वेग वाढतो’

हे वाक्य इतक्या नोट्समध्ये छापलेलं आहे की ते चुकीचं असेल असं कुणाला वाटतच नाही. पण ते चुकीचंच आहे. लहरीच्या वेगाच्या सूत्रात घनता छेदात येते, म्हणजे नुसती घनता वाढली तर वेग कमी व्हायला हवा. वेग वाढवतो तो खडकाचा ताठपणा, म्हणजे दाबाला आणि आकार बदलायला होणारा विरोध. प्रावरणात खाली जावं तसा दाबामुळे हा ताठपणा घनतेपेक्षा जास्त झपाट्याने वाढतो, म्हणून लहरी वेगवान होतात.

शंका असेल तर २,९०० किलोमीटरच्या आसपास, प्रावरण आणि गाभ्याच्या सीमेवर काय होतं ते बघा. सीमेच्या वर घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ५.६ ग्रॅम, तर खाली जवळजवळ १०. ‘घनता वाढली की वेग वाढतो’ हे खरं असतं, तर इथे प्राथमिक लहरींनी (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या, खडक दाबत-ताणत जाणाऱ्या लहरी) उसळी घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांचा वेग सेकंदाला १३.७ किलोमीटरवरून ८ च्या आसपास घसरतो. बाह्यगाभा द्रव आहे, आणि द्रव आकार बदलायला विरोध करत नाही. त्यामुळे दुय्यम लहरी (त्यांच्यामागून येणाऱ्या, खडकाचा आकार बदलत जाणाऱ्या) तर तिथून पुढे जातच नाहीत. ही एक सीमा नीट समजली की अर्धा धडा समजला, असं माझं मत आहे.

‘प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा’

आकृत्यांमध्ये प्रावरण लालभडक रंगवतात, त्याचा हा परिणाम. दुय्यम लहरी संपूर्ण प्रावरणातून आरपार जातात, आणि त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. म्हणजे प्रावरण घन आहे. वितळलेला शिलारस काही ठिकाणी आणि थोड्या प्रमाणातच असतो. मग घन खडक वाहतो कसा? डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर तो फुटतो, पण नुसता ठेवून दिला तर हळूहळू पसरतो. प्रावरणाचंही तसंच: काही सेकंदांत हलवून जाणाऱ्या लहरीला ते कठीण लागतं, लाखो वर्षांच्या ताणाखाली मात्र वर्षाला काही सेंटीमीटर या गतीने सरकतं. उत्तरात ‘घन, पण अतिशय संथपणे वाहणारं’ असं लिहा.

छायाक्षेत्राचे तीन घोटाळे

पहिला: छायाक्षेत्र, म्हणजे भूकंपाच्या थेट लहरी जिथे पोहोचत नाहीत तो पट्टा, नकाशावर कायमचं आखलेलं आहे असा समज. ते अपिकेंद्रापासून (भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वरचा भूपृष्ठावरचा बिंदू) अंशांत, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजतात, त्यामुळे प्रत्येक भूकंपाबरोबर ते बदलतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी न्यूयॉर्क अपिकेंद्रापासून साधारण ११५ अंशांवर, म्हणजे छायाक्षेत्रात होतं. २०११ च्या जपानच्या मोठ्या भूकंपाच्या वेळी तेच न्यूयॉर्क सुमारे ९४ अंशांवर होतं, म्हणजे थेट प्राथमिक लहरी पोहोचण्याच्या टप्प्यात.

दुसरा: दोन्ही लहरींच्या छायेचं कारण एकच सांगणं. दुय्यम लहरी गाभ्याजवळ अडतात, म्हणून १०४ अंशांच्या पलीकडे कुठेच थेट मिळत नाहीत. प्राथमिक लहरी अडत नाहीत, त्या गाभ्यात शिरताना वेग घटल्यामुळे आतल्या बाजूला वाकतात आणि साधारण १४० अंशांच्या पुढे निघतात. मधला पट्टा रिकामा राहतो तो या वक्रीभवनामुळे. (पुस्तकापुस्तकांत १०३, १०५, १४२, १४५ असे आकडे दिसतील. त्याने गोंधळू नका, आपल्या अभ्यासक्रमाचा आकडा वापरा.)

तिसरा घोटाळा मला सर्वांत खटकतो, कारण त्यात एक सुंदर शोध हरवतो. ‘छायाक्षेत्रात काहीच नोंदलं जात नाही’ असं सरसकट लिहितात. पण न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपानंतर रशियातल्या काही भूकंपमापन केंद्रांवर, जिथे काही येऊ नये अशा अंतरावर, प्राथमिक लहरींच्या फिकट नोंदी दिसल्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी त्या बाजूला सारल्या नाहीत. गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा भाग असेल, तर लहरी त्यामुळे दिशा बदलून तिथे पोहोचू शकतात, असं त्यांनी १९३६ मध्ये मांडलं. तो भाग म्हणजे सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीवर सुरू होणारा अंतर्गाभा.

श्रेय देतानाची गल्लत

गाभ्याचा शोध सरळ भूकंपशास्त्रज्ञ गुटेनबर्ग यांच्या नावावर टाकतात. खरं तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या दूरवरच्या नोंदींतून प्राथमिक, दुय्यम आणि भूपृष्ठ लहरी वेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये गाभा असल्याचा पुरावा मांडला. गुटेनबर्ग यांनी त्याची खोली बऱ्यापैकी अचूक काढली. तो द्रव आहे हे १९२६ मध्ये शास्त्रज्ञ जेफ्रीज यांनी दाखवलं. भूकंपशास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांचा १९०९ चा शोध वेगळा, तो भूकवचाच्या तळाचा.

गणित चुकतंय?

प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातल्या फरकाच्या सेकंदांना आठने गुणलं की किलोमीटरमध्ये अंतर मिळतं, हा नियम जवळच्या भूकंपांपुरताच आहे. कोयनानगर ते पुणे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कोयनेच्या धक्क्यात पुण्याला दोन लहरींमध्ये साधारण पंधरा सेकंदांचं अंतर पडेल. पंधरा गुणिले आठ, १२०. जमलं.

हाच नियम लांबच्या भूकंपाला लावला की उत्तर साफ फसतं. सुमारे ६,६७० किलोमीटर दूरच्या भूकंपात दोन लहरींमध्ये सव्वाआठ मिनिटं जातात. आठने गुणलं तर चार हजार किलोमीटरही भरत नाहीत. कारण लांब जाणाऱ्या लहरी प्रावरणात खोलवर उतरतात आणि तिथे त्यांचा वेग बराच जास्त असतो. अशा वेळी प्रवासकाळाचा तक्ता किंवा आलेखच वापरा. एका केंद्रावरच्या या वेळेतून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. अपिकेंद्र ठरवायला किमान तीन केंद्रांभोवती, त्या-त्या अंतराच्या त्रिज्येची वर्तुळं काढा. ती एका बिंदूत न छेदता छोटा त्रिकोण झाला तर घाबरू नका: भूकंपनाभी (भूकंपाचा उगमबिंदू) जमिनीखाली असते आणि वेळ वाचताना थोडा फरक पडतोच. त्रिकोण मोठा आला, तर आधी दुय्यम लहर नेमकी कुठे सुरू होते ते भूकंपालेखावर पुन्हा पाहा. ती प्राथमिक लहरीच्या थरथरीत लपलेली असते, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.