मोबाईलमधील फाईल लिनक्सवर उतरवून घेण्यासाठी लिबएमटीपी आणि जेएमटीपीएफएस सोर्स कोडमधून बसवणे

गोव्यात जत्रेच्या रात्री होणाऱ्या उत्सवी नाटकाचे चित्रीकरण हल्ली मोबाईलवरच केले जाते, आणि तिसऱ्या अंकापर्यंत फोनमधील जागा संपत आलेली असते. डिचोलीकडील आमच्या गावचे असेच एक चित्रीकरण मला उबुंटू हा लिनक्सचा प्रकार असलेल्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे होते. परंतु फोन नवा आणि लॅपटॉपमधील लिबएमटीपी ही फोनशी संवाद साधणारी लायब्ररी जुनी असल्यामुळे फोन ओळखलाच जाईना. अशा वेळी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, घेऊन नवी आवृत्ती आपणच बसवण्याचा पुढील मार्ग उपयोगी पडतो.

पूर्वी फोन आपले मेमरी कार्ड पेनड्राईव्हसारखे संपूर्णपणे संगणकाच्या ताब्यात देत असे. आताचे अँड्रॉइड फोन एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही पद्धत वापरतात. तिच्यात साठा फोनच्याच ताब्यात राहतो आणि संगणकाला एकेक फाईल मागून घ्यावी लागते. लिनक्सवर ही देवघेव लिबएमटीपी सांभाळते, तर जेएमटीपीएफएस तिच्या आधारे फोनमधील साठा साध्या फोल्डरसारखा दाखवते. म्हणून फोन ओळखला जात नसेल तर केवळ जेएमटीपीएफएस नव्याने बसवून काही साधत नाही. आधी लिबएमटीपी नवी हवी.

त्याआधी केबल तपासावी. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, म्हणून केबल चांगली असल्याचा समज होतो आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. माझी एक संध्याकाळ अशीच वाया गेली.

बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग ही पॅकेजे, तसेच लिबयूएसबी १.०, लिबफ्यूज आणि लिबमॅजिक यांची नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पॅकेजे एपीटी या उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवून घ्यावीत. फोनचा साठा फोल्डरसारखा दाखवण्यासाठी जेएमटीपीएफएस फ्यूज या सुविधेचा आधार घेते, आणि येथे फ्यूजची दुसरी पिढी लागते. ‘लिबफ्यूज३’ बसवले तर जेएमटीपीएफएसची कॉन्फिगर ही तपासणी करणारी स्क्रिप्ट पुढे फ्यूज सापडत नसल्याचे सांगून थांबते, आणि फ्यूज तर आत्ताच बसवले, मग हे काय, असे वाटत राहते.

आता लिबएमटीपीची संकुचित फाईल अधिकृत ठिकाणाहून उतरवून उलगडावी, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जावे आणि कॉन्फिगर ही स्क्रिप्ट चालवावी. तिच्या नावापूर्वी टिंब आणि तिरकी रेघ द्यायला विसरू नये. ती यशस्वी झाली की प्रोग्रॅम तयार करणारी ‘मेक’ आणि त्यानंतर तो प्रशासकाच्या अधिकाराने (‘सुडो’) बसवणारी ‘सुडो मेक इन्स्टॉल’ या आज्ञा द्याव्यात. मेक चालू असताना पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहतो, त्यात ‘वॉर्निंग’ दिसल्या तरी घाबरू नये. ‘एरर’ आली तर मात्र शेवटची नव्हे, पहिली एरर वाचावी. पुढच्या बहुधा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

लिबएमटीपी बसल्यावर ‘सुडो एलडीकॉन्फिग’ चालवणे आवश्यक आहे, कारण नव्या लायब्ररीचा ठावठिकाणा प्रणालीला त्यानेच कळतो. नंतर जेएमटीपीएफएसचा सोर्स कोड घेऊन कॉन्फिगर, मेक आणि सुडो मेक इन्स्टॉल हाच क्रम पुन्हा करावा. दोन्ही सोर्स फोल्डर जपून ठेवावेत. पुढे हे काढून टाकायचे झाल्यास त्याच फोल्डरांत जाऊन ‘सुडो मेक अनइन्स्टॉल’ म्हणता येते.

फोन जोडून त्याचे कुलूप उघडावे आणि यूएसबीच्या सूचनेत ‘फाईल ट्रान्सफर’ निवडावे. उबुंटूचा फाईल व्यवस्थापक फोन दिसताच स्वतःच तो धरून बसतो आणि मग जेएमटीपीएफएसला तो मिळत नाही. यासाठी व्यवस्थापकात फोनच्या नावापुढील इजेक्टच्या चिन्हावर आधी टिचकी मारावी. होम फोल्डरात ‘फोन’ नावाचा रिकामा फोल्डर करून जेएमटीपीएफएस या आज्ञेपुढे त्याचा मार्ग द्यावा, म्हणजे त्यात फोनमधील साठा दिसू लागतो.

चित्रफीत त्या फोल्डरातूनच संपादित करण्याचा मोह टाळावा. एमटीपीमध्ये फाईल एका प्रवाहात वाचणे सोयीचे असते, मधूनमधून डोकावणे नव्हे. तेव्हा ती आधी डिस्कवर उतरवावी. केबल काढण्यापूर्वी ‘फ्यूजरमाउंट’ ही आज्ञा वजा यू आणि फोल्डरचा मार्ग देऊन चालवावी, अन्यथा तो फोल्डर अडकून राहतो आणि पुढच्या वेळी जोडताना अडचण येते.