तीनदा पेस्ट बदलूनही लॅपटॉप ९७ अंशांवर: शेवटी लिक्विड मेटलने सुटलं

लक्षण: गेम सुरू केला की पाच मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर, क्लॉक स्पीड (प्रोसेसरचा वेग) निम्म्यावर, चित्र अडखळतं. इंदूरच्या मे महिन्यात तर नुसतं ब्राउझर उघडलं तरी पंखे जोरात.

पंखे साफ केले, कूलिंग पॅड घेतलं, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेणारी थर्मल पेस्ट तीनदा बदलली. दर वेळी महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. अगदी रडकुंडीला आलो होतो. उघडल्यावर दिसलं की, तापून-निवून पेस्ट चिपच्या (प्रोसेसरच्या) कडेला सरकली होती.

मग पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे उष्णता चांगली वाहून नेणारा द्रव धातू, लावायचं ठरवलं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. हीटसिंकचे स्क्रू शेजारी छापलेल्या आकड्यांच्या उलट्या क्रमाने सैल केले. दवा बाजारातून आणलेल्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिप आणि हीटसिंक, दोन्हींचे पृष्ठभाग पुसले. हीटसिंकचा तळ तांब्याचाच आहे ना, हे नीट पाहा. लिक्विड मेटलमधला गॅलियम हा धातू ॲल्युमिनियम पोखरतो. लिक्विड मेटल वीजवाहकही असतं, म्हणून चिपशेजारच्या बारीक कपॅसिटरवर (विजेच्या सुट्या भागांवर) पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले आणि पूर्ण वाळू दिले. ही पायरी गाळू नका, एक थेंब ओघळला तर बोर्ड जातो.

लिक्विड मेटलचा मोहरीएवढा थेंब चिपवर ठेवून कापसाच्या काडीने आरशासारखा चकचकीत पातळ थर होईपर्यंत घासला. तांब्यावरही, फक्त चिपएवढ्या जागेत. थेंब लोंबत असेल तर टिपून घ्या. स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे आवळले.

त्याच गेममध्ये आता ८१ अंश. चार महिने झाले, आकडा हललेला नाही.