होतकरू बेसबॉल पिचर निवडताना या चुका टाळा

पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टाकलेल्या चेंडूचा ताशी 97 मैल हा वेग रडारवर झळकला की अनेकांची पारख तिथेच थांबते, आणि हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अमेरिकन पिचर ग्रेग मॅडक्सचे मुख्य अस्त्र वेग कधीच नव्हते. तरीही 1992 ते 1995 अशी सलग चार वर्षे लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि 1997 च्या हंगामात 232 हून अधिक इनिंग टाकून त्याने अवघे 20 वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले.

फिरकीचा आकडा वाचतानाही गफलत होते. मिनिटाला 2,500 फेरे घेणारा फास्टबॉल सपाटून मार खात असेल, तर आधी फिरकीचा अक्ष तपासावा. हा अक्ष चेंडूच्या प्रवासाच्या दिशेशी समांतर झुकलेला असेल, तर बंदुकीच्या गोळीप्रमाणे चेंडू नुसता गरगरतो, पण वळत नाही. 2,200 फेऱ्यांचा, योग्य अक्षाचा चेंडू त्याहून सरस ठरू शकतो. शिवाय वेगाबरोबर फेरेही वाढतात, म्हणून तुलना समान वेगाच्या पिचरशीच करावी. जून 2021 मध्ये चिकट पदार्थांच्या वापरावर कडक तपासणी सुरू झाल्यावर अनेकांचे फेरे घटले, हेही जुनी आकडेवारी चाळताना ध्यानात ठेवावे.

याउलट, अहवालात ‘जिगरबाज’ किंवा ‘खंबीर’ एवढेच लिहिणे मला तितकेच बेजबाबदार वाटते, कारण त्यातून पडताळण्याजोगे काहीच हाती लागत नाही. तीन बॉल (चुकीचे चेंडू) आणि एक स्ट्राइक अशी, म्हणजे आणखी एक चूक झाली तर वॉक होईल अशी स्थिती असताना तो कर्व्हबॉल (वळणारा, संथ चेंडू) टाकण्याचे धाडस करतो का, सहकाऱ्याच्या हातून झेल सुटल्यावर दोन चेंडूंमधला त्याचा अवधी बदलतो का, पहिल्या बेसवर धावपटू असताना चेंडू सोडताना त्याचा हात खाली येतो का, हे नेमके नोंदवावे.

बॅटरविना घेतलेल्या चाचणीवर निर्णय सोडू नये. 2008 मध्ये भारतातील स्पर्धेत वेग आणि अचूकता पाहून निवडलेले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी शून्यातून खेळ शिकून अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स संघाशी करार मिळवला, ही मोठीच कमाई होती. मात्र मेजर लीगपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्तरापर्यंत, दोघेही पोहोचले नाहीत. म्हणून खेळाडूला पूर्ण सामन्यात, तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर येईपर्यंत पाहावे.