पाण्याचे प्रयोग वर्गात फसतात कुठे? या चुका टाळा

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की शाळाशाळांत परात, ग्लास, बाटल्या बाहेर निघतात. सामान घरचं, खर्च जवळपास नाही, म्हणून पाण्याचे प्रयोग सोपे वाटतात आणि नेमके तेच ऐनवेळी तोंडघशी पाडतात. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी ते बरीच वर्षं करतोय. खालच्या बहुतेक चुका माझ्याच हातून झालेल्या आहेत.

माझी सगळ्यात मोठी फजिती केली ती तीन छिद्रांच्या बाटलीने. खोली वाढली की दाब वाढतो, म्हणून खालची धार सगळ्यात लांब जाते, असं चित्र मी आधीच फळ्यावर काढून ठेवलं होतं. बाटली टेबलावर ठेवली, छिद्रांवरची चिकटपट्टी ओढली, तर मागच्या बाकावरून आवाज, “सर, मधलीच लांब जायली की!” छिद्र बारीक पडलं असेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. पोरगं बरोबर होतं. खालच्या छिद्रातून पाणी सगळ्यात जोरात निघतं हे खरं, पण ते टेबलाच्या इतकं जवळ असतं की लांब जायच्या आतच खाली टेकतं. बाटलीत २४ सेंमी पाणी असेल तर हिशोबाने मधली, म्हणजे १२ सेंमीवरची धार टेबलावर २४ सेंमी लांब पडते. वरून ६ सेंमीवरची आणि तळापासून ६ सेंमीवरची, या दोन्ही साधारण २१ सेंमीवर एकाच जागी पडतात. आता तीच बाटली टेबलाच्या कडेला सरकवा आणि धारा जमिनीवर पडू द्या. मग मात्र खालचीच जिंकते. दोन्ही करून दाखवा, मुलांना आधी अंदाज लिहायला लावा. छिद्रं तापवलेल्या दाभणाने एकाच मापाची पाडा. झाकण काढून ठेवा, नाहीतर वरच्या छिद्रातून पाणी यायच्या ऐवजी हवाच आत शिरते. पातळी उतरली की सगळी मापं बदलतात, म्हणून तांब्याने वरून पाणी ओतत राहायला एकीला उभं करा.

दुसरी अडचण आपल्या भागातली, बोअरच्या पाण्याची. पाण्यावर मिरपूड भुरभुरायची, साबणाचं बोट लावायचं, पूड झटकन कडेला पळते. वडीचा साबण आणि बोअरचं जड पाणी असेल तर पूड जेमतेम हलते, कारण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडून त्याची साय होते. भांडी घासायचं लिक्विड घ्या, किंवा जारचं पाणी वापरा. मिरपूड नसली तर काही जण हळद घेतात. तीही चालते, पण कपड्याच्या साबणाने हळद लाल होते आणि मग वर्गात पृष्ठताण कोणालाच आठवत नाही! एकदा साबण लागलेलं पाणी पुन्हा कामाचं नाही, ताटलीही नुसत्या पाण्याने चांगली धुतल्याशिवाय नाही. म्हणून परातीऐवजी डब्याची झाकणं घ्या. फेब्रुवारीनंतर हांडाभर पाणी ओतून देणं बरं दिसत नाही, आणि उरलेल्या पाण्याने व्हरांडा निघतो.

सुई तरंगवताना ती बुडतच असेल तर ग्लास साबणाने घासलेला असतो. सुई आधी केसांतून एकदा फिरवा, शिंपी फिरवतात तशी. थोडी तेलकट झाली की पाणी तिला चिकटत नाही.

मेणबत्तीच्या प्रयोगात हाताने नाही, तोंडाने चूक होते. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून ग्लास. पाणी वर चढलं की आपण सांगून टाकतो: ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. नीट बघा. ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे निघतात, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर जाते. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर, आतली हवा थंड होताना चढतं. ज्योत विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. तीन मेणबत्त्या लावून बघा, पाणी जास्त चढेल. ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो.

‘ग्लासाने पाणी ओढून घेतलं’ असंही म्हणू नका. बाहेरची हवा पाणी आत ढकलते. शेतकऱ्याच्या पोरांना हे विहिरीवरून लगेच पटतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की काठावरची मोटर उचलत नाही, ती आत उतरवावी लागते. हवेचा दाब समुद्रसपाटीला फार तर १०.३ मीटर पाणी उचलून धरतो. छत्रपती संभाजीनगरच्या उंचीवर तेच पावणेदहा मीटरच्या आसपास, आणि प्रत्यक्षात मोटर त्याहून बरीच आधी हात टेकते.

अंडं मिठाच्या पाण्यात तरंगत नाही, कारण चमचाभर मीठ घालून सर थांबतात. पाव लिटर पाण्याला पाच-सहा चमचे लागतात. जाड मीठ असेल तर आदल्या दिवशीच विरघळवा. अंडं ताजं हवं. शिळं साध्या पाण्यातही वर येतं. शाळेत अंडं नको असेल तर बटाटा घ्या.

मारलं की घट्ट आणि सोडलं की पातळ होणाऱ्या लगद्यासाठी एक वर्षी मी ‘मक्याचं पीठ आणा’ असं सांगितलं. सगळ्यांनी गिरणीतून दळून आणलं, पिवळंधमक. त्याच्या भाकरी झाल्या असत्या, प्रयोग झाला नाही. दुकानातलं पांढरं कॉर्नफ्लोअर लागतं, दोन वाट्यांना साधारण एक वाटी पाणी, तेही थोडं थोडं करत. आणि उरलेला लगदा मोरीत ओतू नका. खाली बसून पाइप तुंबतो. उन्हात वाळवून कचऱ्यात टाका.