सक्युलंट पुन्हा पुन्हा मरतायत? आपल्या मराठवाड्यात होणाऱ्या या चुका टाळा

सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) म्हणजे निवडुंगाचाच भाऊ, त्याला ऊन किती बी चालतंय, असं आपल्याकडं सगळेच समजतात आणि मग एप्रिलात गच्चीवरची झाडं अक्षरशः शिजतात. एचेव्हेरिया ही गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी सक्युलंट मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला गार रात्रीची सवय, आणि आपल्या परभणी-नांदेडला मे महिन्यात 42-43 डिग्री, रात्री बी स्लॅब तापलेलाच. त्यामुळं उन्हाळ्यात सकाळचं 9 पर्यंतचं ऊन द्या, पुढं सावली.

पण खरी मोठी चूक मातीची. काळी माती कापसाला चांगली, कुंडीतल्या सक्युलंटला नाही. मी पहिली एचेव्हेरिया शेतातल्या मातीतच लावली होती, वरून कोरडं दिसायचं म्हणून पाणी घालत गेलो आणि एक दिवस खालच्या पानाला नुसता हात लावला तर ते गळून हातात आलं, पिवळट, आरपार दिसणारं, पाण्यानं भरल्यासारखं. उपटून बघितलं तर खोड काळं पडून मऊ झालेलं, लई वाईट वाटलं. काळी माती भिजली की फुगते आणि आतून कितीतरी दिवस ओलीच राहते, पूर्ण वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. म्हणून दोन भाग बारीक मुरूम (धूळ चाळून टाका), एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत, आणि कुंडीला भोक पाहिजेच.

पाणी वार बघून घालू नका, काडी खुपसून बघा, कोरडी निघाली तरच. पान सुरकुतलं तर तहान, आरपार दिसायला लागलं तर पाणी जास्त झालं. बुडापासून कुजलं असेल तर आतला भाग स्वच्छ दिसेपर्यंत कापत वर जा, शेंडा 3-4 दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या मुरमात ठेवा, बऱ्याचदा वाचतो. झाड लांबोळकं होत असेल तर उजेड कमी पडतोय. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून पुसा.

आता झाडाचे फोटो काढताना होणाऱ्या चुका. पानावरची पांढरी पूड धूळ समजून पुसू नका, ती झाडाचं उन्हापासून रक्षण करते आणि त्या पानावर परत नीट येत नाही, बोटाचा ठसा प्रत्येक फोटोत दिसत राहतो. थेंब छान दिसतात म्हणून मधोमध फवारा मारू नका, पाणी तिथंच साचून गाभा कुजतो. हिरव्या शेडनेटखाली काढलेला फोटो सगळाच हिरवट येतो आणि पानाच्या कडेचा गुलाबी रंग मरतो, त्यापेक्षा कुंडी उचलून ओसरीत आणा, सकाळचा उजेड एका बाजूनं येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा करा. फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो, थोडं मागं सरकून 2एक्स झूम करा, पानावर टॅप करून उजेड जरा कमी करा म्हणजे पांढरी पूड नुसती पांढरीफटक दिसणार नाही. पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) नकोच, तो पानांची टोकं बी धूसर करून टाकतो.